खिळा होता म्हणून

आमच्या खान्देशात घरात चित्र आधी येत नाही, खिळा आधी येतो. तो कोणी ठोकला, कधी ठोकला, कशासाठी ठोकला हे विचारायचं नसतं. आपण राहायला जातो तेव्हा तो तिथे असतोच. आधीच्या मालकाने त्यावर घड्याळ लावलेलं असतं, त्याच्या आधीच्या भाडेकरूने शर्ट. आठवडाभरात तो रिकामा खिळा डोळ्यांत सलायला लागतो आणि घरातलं कोणीतरी म्हणतं, "इथे काहीतरी लावायला पाहिजे." जळगाव-धुळ्याकडच्या घरांतला बहुतेक कलासंग्रह या 'काहीतरी'तून जन्माला आलेला आहे.

नवा खिळा ठोकावा म्हटलं तर ते काम सोपं नाही. जुन्या भिंतीत तो अर्ध्यावर जाऊन वाकतो आणि चांगलं तळहातभर प्लास्टर घेऊन खाली येतो. नव्या बांधकामात तो आत जायलाच तयार नसतो. मग ड्रिल मशीन बाळगणारा शेजारी शोधा, त्याला चहा पाजा, वास्तुशास्त्र ऐका. एवढं करून तो भोक पाडतो ते त्याच्या हाताला सोयीचं पडेल तिथे. त्यापेक्षा आहे तो खिळा बरा. त्यामुळे आमच्याकडे चित्र भिंतीच्या मधोमध क्वचित सापडतं. ते दाराच्या मागे असतं, स्विचबोर्डाच्या डोक्यावर असतं, नाहीतर कुलरच्या बरोबर समोर असतं आणि एप्रिल ते जून या काळात फडफडत असतं.

माझ्या लहानपणी चित्र विकत घ्यायची गोष्ट आहे हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. चित्र मिळायचं. डिसेंबर उजाडला की वडील खत-बियाण्यांच्या दुकानात, किराणावाल्याकडे आणि सोनाराकडे एकेक फेरी मारायचे. सोनाराकडची फेरी जपून व्हायची, कारण कॅलेंडर मागायला गेलेला माणूस जळगावात अंगठी घेऊन परतल्याची उदाहरणं होती. कॅलेंडरावर मुळगावकरांच्या वळणाची लक्ष्मी असायची. गोरीपान, गालांवर गुलाबी झाक, आणि नजर अशी की उधारी मागायला आली नसून द्यायला आली आहे. रघुवीर मुळगावकर आणि दीनानाथ दलाल या दोघांनी मराठी घरांतल्या भिंती जितक्या सजवल्या तितक्या कुठल्या रंगाच्या कंपनीने सजवल्या नसतील. त्यांच्याही आधी राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढून देवांना घरपोच केलं होतं. तोवर देवळात जाऊन बघावी लागणारी सरस्वती मग चुलीशेजारी धूर खात बसली.

अडचण वर्ष संपल्यावर यायची. तारखा संपतात, देव संपत नाही. मारुतीचं कॅलेंडर फाडून रद्दीत टाकायची कोणाची छाती आहे? मग खालची पानं फाडायची आणि वरचा मारुती ठेवायचा. पुढच्या वर्षी त्याच खिळ्यावर दत्त. त्याच्या पुढच्या वर्षी विठ्ठल. आमच्या जुन्या घरात एका खिळ्यावर इतके देव एकावर एक होते की खालच्यांना सणासुदीलाही उजेड मिळत नसे. १९७३ साली कालनिर्णय आलं आणि ही परंपरा डळमळली. त्याच्यावर बघण्यापेक्षा वाचायलाच जास्त, आणि दुधाचे खाडे लिहायला चौकोन. घरातला सगळ्यात चांगला, सगळ्यात सरळ, दोन्ही बाजूंनी उजेड असलेला खिळा त्याने पटकावला तो आजतागायत सोडलेला नाही.

आमचं मूळ गाव पारोळा तालुक्यातलं. तिथलं घर धाब्याचं. मातीच्या जाड भिंती, भिंतीत कोनाडे, खुंट्या, वर सागाच्या कड्या. तिथे फोटो लावायची एक पक्की रीत होती. फोटो अगदी वर, कडीपाटाला भिडेल असे, आणि दोरीने पुढे झुकवलेले. एका रांगेत आजोबा, पणजोबा, शिवाजी महाराज, गांधीजी, एक गंगावतरण आणि काशीयात्रेला गेलेल्या आत्याचा गंगेच्या पडद्यापुढे काढलेला फोटो. शहरातली माणसं याला हसायची. त्यामागची अक्कल मला फार उशिरा कळली. त्या घरात सगळे जमिनीवर बसायचे. खाली बसलेल्या माणसाने मान वर केली की झुकलेला फोटो बरोबर त्याच्या डोळ्यांत बघतो आणि काचेवर दाराचा उजेडही चमकत नाही. कुठल्या संग्रहालयाच्या तज्ज्ञाने आजोबांना हे सांगितलं नव्हतं. पुढे गावात सोफा आला. माणसं दीड फूट वर सरकली आणि पणजोबांची नजर सगळ्यांच्या डोक्यावरून जायला लागली. ते हल्ली कोणाकडे बघत नाहीत. फार तर समोरच्या टीव्हीकडे बघतात.

या फोटोंची वर्षातून एकदा अंघोळ व्हायची. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते. त्याआधी घर झाडून, पुसून, चुना देऊन लखलखीत करायचं असतं. सगळे फोटो खाली यायचे, ओट्यावर ओळीने मांडले जायचे आणि आई ओल्या फडक्याने पूर्वजांना खसाखसा पुसायची. पणजोबांच्या मिशीचा उजवा अर्धा भाग कुठल्यातरी श्रावणात पुसला गेला. तेव्हापासून त्यांच्या चेहऱ्यावर एक खट्याळ भाव आला आहे, जो हयातीत अजिबात नव्हता असं जुनी माणसं सांगतात. चुना वाळला की फोटो परत आपापल्या जागी. जागा बदलायची चर्चाच नाही. चुना देणारा खिळ्यालाही चुना देतो, आणि पांढऱ्या भिंतीत पांढरा खिळा चाचपडत शोधणं हा आमच्या घरातला कानबाईच्या आदल्या रात्रीचा विधी होता.

माझी सासुरवाडी धुळ्याची. तिथे सगळं वेगळं. १८१८नंतर इंग्रजांच्या ताब्यात खान्देश आला, तेव्हा कॅप्टन ब्रिग्जने धुळ्याची नवी पेठ आखली ती सरळ रेषांत. आजही तिथे माणूस पत्ता सांगतो तो गल्ली नंबर अमुक, गल्ली नंबर तमुक. त्या आखणीचा धुळेकरांच्या स्वभावावर परिणाम झाला आहे हे माझं मत आहे आणि सासऱ्यांची भिंत हा त्याचा पुरावा. त्यांच्याकडे सोळा फ्रेमा आहेत. चार ओळी, चार रांगा, मधलं अंतर सगळीकडे चार बोटं. गवंड्याची लेव्हल बॉटल त्यांच्या कपाटात दागिन्यांच्या शेजारी असते. दर रविवारी ती निघते, फ्रेमांवरून फिरते, आणि कुठली फ्रेम सुतभर जरी झुकली असली तरी घरात कोणीतरी दार आपटलं याची चौकशी बसते. फ्रेमांत काय आहे हा प्रश्न दुय्यम आहे. सूर्योदय आहे, लोकमान्य आहेत, सासऱ्यांना नोकरीत मिळालेलं प्रशस्तिपत्र आहे, साबणाच्या जाहिरातीतलं एक बाळ आहे. एकदा मी सहज म्हटलं, "बाबा, ते बाळ कोण?"

"तिसरी ओळ, दुसरं," ते म्हणाले. "तिथे जागा रिकामी होती."

मला हे उत्तर आवडलं. फार मोठ्या संग्राहकांना विचारलं तरी ते आडवळणाने हेच सांगतील.

आता चित्र विकत घ्यायची सोय झाली आहे. जळगावात एका फ्रेमवाल्याच्या दुकानात मी अधूनमधून बसतो. कलासमीक्षा ऐकायची तर तिथे ऐकावी. गिऱ्हाईक येतं आणि त्याचं पहिलं वाक्य चित्राबद्दल कधीच नसतं.

"सोफ्याच्या वर लावायचंय. सोफा मरून आहे."

"भिंत?"

"क्रीम."

"पाच बाय अडीचात घोडे देऊ का?"

"किती घोडे?"

"सातच असतात, भाऊ."

सात घोडे हे या काळातलं आमचं राष्ट्रीय चित्र आहे. डॉक्टरांकडे आहेत, वकिलांकडे आहेत, केळीच्या व्यापाऱ्याकडे आहेत, क्लासवाल्याकडे आहेत. त्यांची पथ्यं सत्यनारायणापेक्षा कडक. घोडे पांढरे पाहिजेत. लगाम नको, रथ नको, स्वार नको. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला पाहिजेत आणि ती दिशा घराच्या आत पाहिजे. दाराकडे तोंड झालं तर ते आलेला पैसा पाठीवर घालून बाहेर पडतात. एका गिऱ्हाइकाने फ्रेम परत आणली होती. पट्टी बसवताना सातव्या घोड्याचं नाक आत गेलं होतं आणि त्याच महिन्यात त्यांच्या एका सौद्याचं बिनसलं. फ्रेमवाल्याने निमूटपणे पट्टी बदलून नाक बाहेर काढून दिलं. दुसऱ्या एकाने पाय मोजले होते. बावीस भरले. उरलेले सहा धुळीत आहेत हे त्याला पटवायला तासभर गेला.

माझ्याही घरी असे घोडे आले. गावाहून मामा आले होते. ते बराच वेळ चित्रापुढे उभे राहिले आणि म्हणाले, "ह्या घोडा कथा जाई ऱ्हायनात?"

"आपल्या घरात येताहेत, मामा. लक्ष्मी घेऊन."

"मंग चारा कोन टाकी?"

पाऊस न झालेल्या वर्षाचा हा प्रश्न होता, त्यामुळे कोणी हसलं नाही.

या फ्रेमवाल्याने एकदा पेपरात वाचलं की वासुदेव गायतोंडे यांचं एक चित्र २०२१ साली लिलावात ४० कोटींच्या आसपास गेलं. त्याने मला कात्रण दाखवलं. त्यात माणूस नाही, झाड नाही, घोडा तर नाहीच. नुसते रंग, एकात एक विरघळलेले. तो बराच वेळ बघत होता. मला वाटलं आता म्हणेल की यात काय आहे. तसं तो म्हणाला नाही. चाळीस वर्षं चित्रांना पट्ट्या ठोकणारा माणूस आहे, त्याचा मान ठेवला पाहिजे. त्याने विचारलं, "साइज काय होती?" ती कात्रणात नव्हती. म्हणून त्याने अंदाजे साइज धरून चौरस फुटाचा भाव काढला आणि रिंग रोडच्या प्लॉटशी ताडून बघितला. मग कात्रण घडी करून गल्ल्यात ठेवलं. देवाच्या फोटोमागे.

पण विकत घेतलेल्या चित्रांची संख्या घरात तशी थोडीच. खरा भरणा भेटींचा. याची सुरुवात लग्नापासून होते. नवरीबरोबर रुखवत येतं. थर्माकोलचा ताजमहाल, मण्यांचे हंस, कापसाचे ससे, मखमलीवर टिकल्यांचा मोर. हे सगळं कोणी बनवलं हे भर मांडवात सांगितलेलं असतं, त्यामुळे ते टाकून द्यायची सोय नसते. आमच्या शोकेसमध्ये गेली अनेक वर्षं एक ताजमहाल पिवळा पडत चालला आहे. त्याचा एक मिनार भाचीने खेळताना काढून नेला तेव्हा बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं आणि माझ्या मनात आशा. मिनार चिकटवण्यात आला. मग वास्तुशांतीच्या भेटी. मग वाढदिवसाच्या. हसरा बुद्ध, फायबरचा राधाकृष्ण, बल्ब लावला की पाणी वाहतंय असा भास करणारा धबधबा. शिवाय अजिंठ्याच्या पायथ्याशी फेरीवाले विकतात ते चमचमणारे स्फटिकाचे दगड. जळगावात ज्याच्या शोकेसमध्ये असा दगड नाही तो माणूस नुकताच बदलीवर आला आहे असं समजावं.

भेटवस्तूंचं एक बारीक व्यवस्थापन असतं. धुळ्याची आत्या येणार असं कळलं की धबधबा बाहेर येतो, वायर जोडली जाते, पाणी वाहायला लागतं. भुसावळचे काका येणार असले की धबधबा माळ्यावर आणि राधाकृष्ण खाली. दोघं एकदम आले तो प्रसंग इथे सांगत नाही. ज्याने दिलं त्याचं नाव लक्षात राहावं म्हणून मागे 'सप्रेम भेट' अशी चिठ्ठी असते, आणि चित्र एक वेळ भिंतीवरून पडेल, चिठ्ठी पडत नाही.

हे आपलंच खूळ आहे असं मला वाटायचं. मग पाहुण्यांना घेऊन पुन्हापुन्हा अजिंठ्याला जावं लागलं. जळगावहून साठेक किलोमीटर, त्यामुळे ती जबाबदारी जन्मजात आहे. एवढ्या फेऱ्यांनंतर चित्रांवरून नजर जरा ढळते आणि शिलालेखांकडे जाते. दहाव्या लेण्याच्या दर्शनी भागावर ब्राह्मी अक्षरांत लिहिलंय की हा दर्शनी भाग वासिठीपुत्र कटहादी याने दान दिला. फक्त दर्शनी भाग. बाकीच्याचं बाकीच्यांनी बघावं. आपल्या समाजमंदिरातल्या पंख्याच्या तीनही पात्यांवर ज्याचं नाव असतं त्याचा हा मूळपुरुष. सोळावं लेणं वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने दिलं. त्याने लांबलचक लेख कोरून ठेवला. त्यात आधी वाकाटकांची वंशावळ आहे, मग मंत्र्याच्या घराण्याची, मग लेण्याच्या खिडक्या-दारांचं कौतुक. वास्तुशांतीच्या पत्रिकेतही हाच क्रम असतो.

आणि लेणी म्हणजे तरी काय? पहिलं, दुसरं, सोळावं, सतरावं हे विहार आहेत, म्हणजे भिक्खूंची राहती घरं. त्यांच्या खोल्यांच्या बाहेर चहूबाजूंनी चित्रं. चित्रांत काय आहे? राजवाडे, राण्या, दासी, नर्तकी, आरशात बघून शृंगार करणारी राजकन्या. घरदार सोडून, केस उतरवून, भिक्षापात्र घेऊन डोंगरात आलेल्या माणसाने पहाटे खोलीचं दार उघडलं की समोर हे. सगळ्यांचा शेवट वैराग्यात होतो हे खरं, पण तिथवर पोचायला भिंत पूर्ण चालून जावी लागते. भिक्खूंना कोणी विचारलं असेल का, की बाबांनो, तुम्हाला काय लावून हवंय? मला नाही वाटत. दात्याने दिलं, चितारी आले, काम झालं. एखाद्या म्हाताऱ्या भिक्खूला साधी क्रीम भिंत हवी असेल. पण वराहदेव मधूनच येऊन बघून जाणार, काय करता?

जगाला ही चित्रं पुन्हा दिसली ती १८१९ साली. जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीला आला आणि दहाव्या लेण्यात शिरला. आत एका खांबावर त्याने आपलं नाव आणि तारीख खरवडून ठेवली. तारीख आहे २८ एप्रिल. इतिहासकार वाघाचा माग, नदीचं घोड्याच्या नालेसारखं वळण वगैरे सांगतात. आमच्याकडच्या कोणालाही ती तारीख वाचून दाखवा. २८ एप्रिलला या भागात माणूस गुहेत शिरतो तो सावलीसाठी. आणि सावलीत बसल्यावर पाहुणा भिंत खरवडणार, हाही अनुभव नवा नाही. आमच्याकडे ते काम पाहुण्यांची मुलं करतात. तारीख घालायची शिस्त मात्र त्यांच्यात नसते.

उन्हाळा हा आमच्या कलाजीवनातला मोठा अधिकारी आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि खोलीत काय कुठे असावं हे कुलर ठरवतो. ओल्या गवतातून येणारा तो वारा माणसाला जगवतो आणि कागदाला मारतो. फोटोला आधी पोपडे येतात, मग काचेच्या आत एक तपकिरी ढग तयार होतो आणि लग्नाच्या फोटोतल्या नवरदेवाच्या चेहऱ्याकडे सरकायला लागतो. आमच्या लग्नाच्या फोटोत तो माझ्या खांद्यापर्यंत आला आहे. बायकोकडे जात नाही. यावर घरगुती उपचार पुष्कळ. आईने एकदा आजोबांच्या फोटोवर खोबरेल तेलाचा हात फिरवला होता. फोटो दोन दिवस चमकला आणि नंतर पिवळा पडला. आईला आम्ही फार बोललो. पुढे कळलं की निजाम सरकारने १९२०च्या सुमारास अजिंठ्याची चित्रं वाचवायला इटलीहून दोन तज्ज्ञ आणवले होते. त्यांनीही चित्रांवर तकाकीचा हात फिरवला आणि ती चित्रंही पुढे पिवळी पडली. आईकडे इटलीचा शिक्का नव्हता, एवढाच फरक.

अजिंठ्याची नक्कल घरात लावावी की नाही याबद्दलही मी जरा सावध असतो. मेजर रॉबर्ट गिलने १८४४पासून वर्षानुवर्षं तिथे राहून नकला केल्या. त्यांतल्या बहुतेक लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६च्या आगीत गेल्या. मग मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयाचे ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी यांनी १८७२पासून सगळं पुन्हा केलं. त्यांच्याही बऱ्याचशा नकला १८८५ साली लंडनच्याच आगीत जळाल्या. मूळ चित्रं दीड हजार वर्षं आमच्या उन्हात टिकली आणि नकलांना लंडनचं हवामान सोसलं नाही. गिलसाहेब मात्र इकडेच राहिला. त्याची कबर भुसावळला आहे. आमच्या शेजाऱ्यांनी पद्मपाणीचा भलामोठा प्रिंट गॅसच्या शेगडीवरच्या भिंतीला लावला, तेव्हा हा सगळा इतिहास मी त्यांना सांगितला. त्यांनी पद्मपाणी हलवला नाही. शेगडीखाली वाळूची बादली ठेवली.

मग आपल्याला हवं ते, हवं तिथे लावणारा माणूस इकडे झालाच नाही का? झाला. चाळीसगावला, रेल्वे स्टेशनच्या जवळ. कैकी मूस. जन्म १९१२चा, गेले १९८९ साली. चित्रकार, शिल्पकार, आणि छायाचित्रकार तर असे की टेबलावर हातभर जागेत इवलेसे देखावे रचायचे आणि त्यांचा फोटो काढला की बघणाऱ्याला तो खराखुरा मुलूख वाटायचा. घराला नाव दिलं होतं 'रेम्ब्राँज रिट्रीट'. रेम्ब्रांटच्या नावाचं घर चाळीसगावात असावं, आणि बाहेर रस्त्यावर शेंगदाण्याची गाडी असावी, हे मला फार आवडतं. ते सुमारे पाच दशकं त्या घरातून जवळजवळ बाहेरच पडले नाहीत. पंजाब मेलने कोणीतरी येणार होतं, आणि त्या गाडीच्या वेळेला ते रोज दार उघडं ठेवायचे, असं चाळीसगावात सांगतात. त्या कथेवर लोक हळवे होतात. व्हावंच.

मी मात्र ते घर बघायला गेलो तेव्हा वेगळाच हिशोब करत होतो. आता तिथे संग्रहालय आहे. खोलीखोलीत त्यांचं काम, त्यांनी जमवलेल्या वस्तू, आणि त्या कशाही कुठेही टांगलेल्या नाहीत. प्रत्येक वस्तू कोणीतरी बघून, विचार करून ठेवलेली. धबधबा नाही. घोडे नाहीत. हसरा बुद्ध नाही. हे त्यांना कसं जमलं? उत्तर सोपं आहे. लग्न केलं नाही, म्हणजे रुखवत आलं नाही. कोणाच्या घरी गेले नाहीत, म्हणजे परतभेटी आल्या नाहीत. दाता नाही तर दान नाही. आपल्या पसंतीची भिंत पाहिजे असेल तर त्याची किंमत एवढी पडते. मी बायकोला हे तिथेच, एका शिल्पासमोर, हळू आवाजात समजावून सांगितलं. ती म्हणाली, "मग तुम्ही पन्नास वर्षं घरात बसणार का? एक रविवार बसत नाही."

आमच्या घरात आता ठरवून लावलेलं एक चित्र आहे. मुलीने काढलेलं. ती पुण्याला शिकते. दिवाळीच्या सुट्टीत आली ती काखेत भलामोठा कॅनव्हास घेऊनच. त्यात निळा आहे, राखाडी आहे, खालच्या कोपऱ्यात गेरूचा एक ओरखडा, आणि बरीच मोकळी जागा. मला ते का आवडलं हे सांगता येत नाही, पण जेवताना माझी मान तिकडे वळते. मुलीने स्वतः ड्रिल आणून, टेपने मोजून, बरोबर डोळ्यांच्या उंचीवर ते लावलं. सात घोडे आतल्या खोलीत गेले. सासऱ्यांना फोनवर फोटो पाठवला तर त्यांनी लेव्हल बरोबर असल्याची पावती दिली. यापलीकडे ते कोणत्याच चित्राबद्दल बोलत नाहीत.

प्रश्न गावाकडून येणाऱ्यांचा होता. शोकेसपुढे, देवांपुढे, घोड्यांपुढे काय म्हणायचं हे लोकांना माहीत असतं. इथे पंचाईत. पहिल्याच आठवड्यात पारोळ्याकडचे लांबचे आबा आले. लग्नाची पत्रिका द्यायची, चहा घ्यायचा आणि तीनची एसटी पकडायची असा त्यांचा बेत. चहा झाला. उठताना त्यांची नजर चित्रावर गेली आणि ते परत बसले.

"हाई काय शे?"

मी घसा साफ केला. अमूर्त म्हणजे काय हे अहिराणीत कसं सांगावं याची जुळवाजुळव करत होतो. मुलगीही पुढे सरसावली. एवढ्यात माझी आई लसूण सोलता सोलता मान वर न करता म्हणाली, "अजिंठानं शे."

आबांचा चेहरा एकदम बदलला. ते उठून चित्राजवळ गेले. मोकळ्या जागेकडे, ओरखड्याकडे आदराने बघू लागले. अजिंठ्यातही निम्म्या भिंती अशाच असतात. रंग उडालेला, आकृती गेलेली, आणि गाईड सांगतो म्हणून आपण तिथे हत्ती बघतो.

"कोन्ता नंबरनं?"

"सतरा," आई म्हणाली.

"मंग बराबर शे." आबांनी हात जोडले, पिशवी उचलली आणि तीनच्या एसटीला गेले.

दार लागल्यावर मुलगी भडकली. "आजी, ते माझं आहे! मी काढलंय!"

"माहीत आहे गं," आई म्हणाली. "पण तुझं म्हटलं असतं तर साडेपाचपर्यंत बसले असते."